कागदावर उतरलेलं बिऱ्हाड

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा त्यातली निम्मी अंगं तू मनानेच जमेस धर. पाठ का धरली ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? आईचे ठीक आहेत, आणि त्यांचं रंगीत चित्र सध्या एका विद्यापीठाच्या ताब्यात आहे. घाबरू नकोस. माझ्या पत्रात सगळं असतं, फक्त मुद्दा नसतो, असं तू म्हणतेस. या खेपेस मुद्दा आहे. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला मजल्यामजल्यावर थांबायची खोड असते, ती तेवढी सोसून घे.

झालं असं, की ही ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करते तिथे एक बाई कपडे टाकायला येतात. विद्यापीठात संशोधन करतात. विषय आपणच, म्हणजे आपापला मुलूख सोडून परक्या ठिकाणी बिऱ्हाड थाटलेली कुटुंबं. आजवर असले लोक यायचे ते प्रश्न घेऊन. आपण 'सगळं छान चाललंय' म्हणायचं, त्यांनी ते लिहून घ्यायचं, की दोन्ही पक्ष सुखी. या बाईंचं म्हणणं वेगळंच. प्रश्न विचारले की माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात, म्हणून चित्रं काढायची, नाटक करायचं; हात कामाला लागले की खरं आपोआप बाहेर पडतं. एवढं ऐकल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. पण सुट्टीच्या दिवशी आई घरभर माझ्या मागे असते, तिथे निदान बाईंच्या मागे लागेल, एवढ्याच लोभाने मी हो म्हटलं.

ग्रंथालयाच्या तळघरात एक लांबोडकी खोली आहे, तिथे जमलो. आणखी चारपाच कुटुंबं होती, प्रत्येकाची भाषा निराळी. इथली भाषा तेवढी सगळ्यांना सारखीच मोडकी येते. (पोरं सोडून. पोरं ती अशी बोलतात, की आईबाप मान डोलावत बसतात.) बाईंनी कागद आणि खडू वाटले आणि आपापलं घर काढा म्हणाल्या. मी पट्टी मागून घेतली आणि मापात नकाशा काढला. सवयीने लिफ्टही काढली. आपण तळमजल्यावर राहतो हे हिने शेजाऱ्यांसमोर माझ्या लक्षात आणून दिलं. मग मी हिचं चित्र पाहायला मागितलं. त्यात ओटा होता, खिडकी होती, आईची खुर्ची होती, आमची चिमणी अभ्यास करत होती. मी कुठे आहे विचारलं, तर हिने दाराशी बोट ठेवलं. तिथे माझे बूट होते. नुसतेच. मी म्हटलं, बूट छान जमलेत. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या खेपेला बाईंनी जमिनीवर माणसाएवढा कागद अंथरला. त्यावर एकाने निजायचं, दुसऱ्याने भोवती रेघ ओढायची, आणि मग कुठे काय दुखतं, कुठे काय जपलंय, ते त्या आकृतीत रंगवायचं. आईला निजायला सांगितलं तर ती बाईंना म्हणाली, "अहो, अजून वेळ आहे मला." चिमणीने भाषांतर करायचं नाकारलं. शेवटी आई आडवी झाली, आणि रेघ पुरी होईपर्यंत तिला झोप लागली. सगळ्यांना हळू बोलावं लागलं. उठल्यावर मात्र तिने जीव ओतून रंगवलं. गुडघे लालभडक, कानात फोन, आणि छातीच्या डाव्या बाजूला हातात छडी घेतलेली तू. (बाईंनी ही देवी कोणती म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी थोरली बहीण.)

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. नंतर नाटक आलं. घरातला रोजचा प्रसंग करून दाखवायचा, पण भूमिकांची अदलाबदल करून. चिमणीला मी व्हायचं होतं आणि मला चिमणी. तिने माझं कामाचं जाकीट चढवलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, माझ्यासारखी खाकरली आणि कानाला हात लावून फोनवर बोलू लागली, "अगं ताई, फक्त दोन वर्षं. मग परतच." सबंध खोली हसली. ताई, ते मला हसत नव्हते. प्रत्येक घरातला बाप कुणाला तरी फोनवर हेच सांगतो, हे त्यांच्या बायकांच्या हसण्यावरूनच कळत होतं. मी तिचं दप्तर पाठीला लावून (पट्टे काखेत रुतले होते) कोपऱ्यात बसून होतो. फोन ठेवून ती माझ्यापाशी आली आणि हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय गं, शाळा काय म्हणते?" मी म्हटलं, बरी आहे. रोज ती हेच म्हणते, तेव्हा पाठ होतं. मग तिने विचारलं, "आणि मैत्रिणी वगैरे?"

इथे माझी दांडी उडाली. खरंच माहीत नव्हतं गं. खोलीभर माणसं वाट बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "मैत्रिणी करून काय करू? परतच जायचंय ना आपल्याला?"

कुणी हसलं नाही. चिमणीने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या स्वतःच्या आवाजात, आपल्या भाषेत म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. दप्तर पाठीवर होतं, तेवढंच. ही तोंड फिरवून पडद्याच्या घड्या सारख्या करत बसली. तिकडे पडदे नव्हतेच, नाटकासाठी टांगलेली चादर होती. संशोधक बाईंनी काही लिहून घेतलं नाही, हे मला आवडलं.

घरी जाताना बसमध्ये चिमणी माझ्याशेजारी बसली आणि उतरेपर्यंत बोलत राहिली. एक मैत्रीण होण्यासारखी आहे, पण चिमणीनेच तिला लांब ठेवलं आहे. भिंतीवर चित्रं लावावीशी वाटतात, पण काढताना पोपडे निघतील म्हणून लावत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावरचं ड्रिल आणलं आणि तिच्या खोलीत फळी ठोकायला घेतली. भिंतीत पाण्याचा नळ होता. तो मला सापडला. पाणी बंद करायला धावताना ओल्या फरशीवर घसरलो, तीच ही पाठ. घरमालक येऊन बरंच बोलून गेले. ते त्यांच्या भाषेत बोलले, हे एक बरं. फळी आता दुसऱ्या भिंतीवर आहे, आणि ती मैत्रीण परवा येऊन तिच्याखाली बसून गेली.

आईचा आशीर्वाद, हिचा नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
भाऊ

ता. क. : बाईंना आता मागे राहिलेल्या माणसांचीही चित्रं हवी आहेत. मी तुझा पत्ता दिला आहे. त्या पुढच्या महिन्यात येतील. पुढची खोली झाडून ठेव, कागद मोठा असतो. निजावं लागेल. छडी घेऊन निजलीस तरी चालेल.

आणखी एक : 'भाऊ परत येईल असं वाटतं का', असं त्या तुला विचारतील. माझी भीड न धरता खरं ते काढ. आणि तू इतकी वर्षं आमच्यासाठी कुलूप लावून ठेवलेली मागची खोली उघड. शिकवणीची पोरं ओटीवर दाटीवाटीने बसतात म्हणून आई सांगत होती. त्यांना आत बसव. आमचं कपाट आडवं येत असेल तर विकून टाक.