नाल्याचा उगम शोधताना

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नाकाला पदर लावून काही उपयोग नाही. पुलाखाली उतरून पाहिलं. नदी कसली, काळं पिठलं! वर फेसाचे गठ्ठे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, यमुनेचा उगम यमुनोत्री. ते पाणी दिल्लीच्या वेशीवरच काढून घेतात. आमच्या मयूर विहारला पोचते ती नाल्यांची यमुना, मग तिचा उगमही नाल्यातच शोधायचा.

विश्वनाथला हे फारच आवडलं. नवरा सोसायटीचा सेक्रेटरी ना! नाल्याकाठची झोपडपट्टी हटवा असा अर्ज दिलाय, घाण तेच करतात म्हणून. सोमवारी सुनावणी. "अरुणा, फोटो काढून आण, पुरावा लागतो." आणते की. त्या वस्तीची मलाही किळस येते, इथे कशाला लपवू?

बुधवार, १२
नाल्याच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेले. मेलेलं डुक्कर, डायपर, निर्माल्याच्या पिशव्या — देवालाही प्लास्टिकमध्ये बांधून बुडवतात. घरी येऊन चपला फेकून दिल्या.

आमच्याकडे भांडी घासणारी सुमित्रा त्याच वस्तीत राहते. वाटेत तिच्या झोपडीच्या दारातच भेटली. तुम्हीच हे करता ना, असं तोंडावर विचारलं. म्हणाली, "दीदी, यहाँ तो नल ही नहीं है. टैंकर का दो बाल्टी पानी मिलता है. उससे नाला बहेगा?"

वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर पाठ थोपटली असती. तिथे पाठ फिरवून चालू लागले.

गुरुवार, १३
जेवण गेलं नाही. वास केसांत बसलाय.

शुक्रवार, १४
वस्तीच्याही वरच्या अंगाला गेले. पाणी तिथेही तितकंच काळं. पुढे एक जाडजूड पाइप, त्यातून संडासाचं पाणी भसाभस नाल्यात. पाइपमागे भिंत. भिंतीपलीकडे आमच्याच सोसायटीचं पंपघर. एकाच फोटोत दोन्ही आलं, डावीकडे झोपड्या, उजवीकडे पाइप.

विश्वनाथला दाखवला. "मेन लाइनला जोडायचं राहिलंय गं. टेम्पररी आहे." किती वर्षं? "बारा असतील. पण आपण टॅक्स भरतो यार."

बारा वर्षं नदीकडे बघून नाक मुरडतेय. वास आमच्याच घरचा.

रविवार, १६
सुमित्रा भांडी घासता घासता म्हणाली, "दीदी, आपने तो ऊपर तक देखा है. कल बता दोगी ना?" हो म्हणाले.

विश्वनाथचं पालुपद सकाळपासून चालू आहे. पाइपचं बाहेर आलं तर सेक्रेटरीला धरतील, फ्लॅट कुणी विकत घेणार नाही, या वयात जायचं कुठे. भित्रा मेला. त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

सोमवार, १७
पंधरा दिवसांत वस्ती हटणार. पुरावा म्हणून माझाच फोटो लावला. पाइपची बाजू मीच कापून दिली होती.