पारापर्यंत अनवाणी

४ ऑगस्ट २०२४
ग्वाल्हेर आवडलं. शिंदे की छावनीत सुधाताईंकडे दोन खोल्या मिळाल्या. मागे मातीचं अंगण आहे. माझ्या सात वर्षांच्या लेकीने, स्मृतीने, आल्या आल्या चपला भिरकावून त्याचा ताबा घेतला. नागपूरहून सगळं सामान एका टेम्पोत मावलं. आता आम्ही दोघीच, मग लागतं तरी किती?

६ ऑगस्ट
नोकरी गमतीची आहे. शहराबाहेरच्या जंगलात धावड्याच्या झाडांना मुळं कुजवणारा रोग लागलाय. तो मातीतून पसरतो, म्हणून फिरायला येणाऱ्यांचे बूट घासून घ्यायचे आणि औषधाच्या टबात बुडवायचे. जोडे पुसायला एम.एस्सी. झालेली बाई ठेवलीय, असं मीच म्हणते आणि मीच हसते. चौकीदार दौलतसिंह हसत नाहीत. पायवाट सोडू नका, एवढंच सांगतात.

१४ ऑगस्ट
वाटेवर एका जुन्या धावड्याखाली देवीचा पार आहे. सगळे वीस पावलं आधी बूट काढतात, चिखलातून अनवाणी जातात आणि तेच पाय पुन्हा बुटात घालतात. आज मीही गेले. स्मृतीला सुखी ठेव म्हटलं. झाडातून काळा डिंक गळत होता. घरी येऊन अंगण ओलांडल्यावर लक्षात आलं, बूट धुतले होते, पाय नाहीत.

१९ ऑगस्ट
पायाची बोटं बधिर झालीत. डॉक्टरांनी साखर तपासली, ठीक निघाली. दौलतसिंहांना सांगितलं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण अनवाणी फिरतं.

२३ ऑगस्ट
टाचेत काच गेली. दुखलं नाही. रक्त आलं नाही, काळं, चिकट काहीतरी आलं. घाबरायला हवं होतं. घाबरले नाही, तेवढं लिहून ठेवते. अंगण ब्लीचिंग पावडरने धुतलं. स्मृतीला घरातही चपला घालायला लावते. देवघरापुढे हे चालणार नाही म्हणून सुधाताई रागावल्या.

२७ ऑगस्ट
बधिरपणा गुडघ्यापर्यंत आलाय. माझं राहू दे. स्मृतीला नागपूरला आईकडे— परवाचं तिकीट मिळालं.

२९ ऑगस्ट
स्मृती सकाळपासून अंगणात उभी आहे. चपला दाराशी. मी ओढलं, सुधाताईंनी ओढलं— पाय मातीतून निघत नाहीत. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली, गार वाटतं, आई, तूही ये.

गाडी गेली असेल.

मी पायरी उतरले. आता माझेही पाय— तिचा हात धरलाय. तो अजून उबदार आहे, अजून तिचाच आहे. तोवर मी—