दोन्ही प्लग एकदम मेले तर

ता. ११ फेब्रुवारी, दुपार

चि. बारक्या,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात चारच ओळी, त्यात खुशालीची एकही नाही, म्हणून मीच आपणहून सांगतो. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. वर्कशॉपचे पत्रे बदलले. तुझी वहिनी म्हणते, केसांना कलप लावा. मी म्हटलं, रोज ग्रीस लागतंय तेवढं पुरे. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तेच कोंबडीचे पाय.

अण्णांच्या होडीचं इंजिन तुझ्याकडे पोचल्याचं ट्रकवाल्याने सांगितलं. इंजिन पाठवा असा निरोप तू त्याच्याजवळ धाडलास तेव्हा मी धक्क्यावर एका होडीच्या कामात होतो. आईने परस्पर चढवून दिलं. "गेलं एकदाचं डोळ्यांसमोरून," म्हणाली. मी घरी असतो तर जाऊ दिलं नसतं.

आता तुझा प्रश्न. 'रस्सी ओढून खांदा निखळला, दोन्ही प्लगना ठिणगी नाही, कुठून सुरुवात करू?' प्लगपासून कर. दोन्ही काढ. काळे आणि तेलकट असतील तर पेट्रोलने धू, ब्रश मार, फट बघ. मग प्लग टोपीत बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धर आणि रस्सी ओढ. कोरड्या फडक्यानेच धर, नाहीतर असा झटका बसेल की मला शिव्या घालशील. निळी ठिणगी कडकन उडाली तर ठीक. पिवळी आणि मरतुकडी असेल तर टोप्या बघ, आतून गंजतात. त्यानेही भागलं नाही तर फ्लायव्हील काढ. हातोडी मारून नाही, पुलर लावून. खाली पॉइंट आहेत, त्यांच्यावर बुरशी चढली असेल. बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरव, खरवडत बसू नकोस. तुझा हात आधीच जड.

बारक्या, हे पानभर मी उगाच लिहिलं. यातलं काहीही करू नकोस.

तू लिहिलंयस की दोन्ही प्लगना ठिणगी नाही. दोन्ही एकदम मेले तर दोष प्लगचा नसतो, हे अण्णांनी आपण चड्डीत होतो तेव्हाच शिकवलं होतं. दोघांना मिळून जे एक असतं, तिथे बघायचं. ती बंद करायच्या बटणाची काळी तार. बटण दाबलं की ती लोखंडाला जोडली जाते आणि ठिणगी मरते. होडी चालवणारा मनगटाला दोरी बांधतो, तिची क्लिप स्विचमधून निसटली तरी तेच होतं, म्हणजे माणूस पाण्यात पडला की इंजिन आपोआप थांबतं.

वरचं झाकण काढ. डाव्या अंगाला, कॉइलच्या मागे हात घाल. ती तार तुला मधेच कापलेली सापडेल. टोकाला लाल चिकटपट्टी असेल. सहा वर्षांत ती वाळून सुटली असणार आणि उघडं तांबं लोखंडाला टेकलं असणार. म्हणून तुझी ठिणगी मरते. टोक बाजूला कर, इंजिन पहिल्या ओढीत बोलेल.

लाल पट्टी आपल्या घरात कोण वापरतं ते तुला माहीत आहे.

ती तार मी कापली. अण्णा गेले त्याच दिवशी, सकाळी साडेआठला.

दोन आठवडे आधी तू नवा स्विच बसवला होतास. दोरीवाला. अण्णांनी तुझी किती टर उडवली, "मला काय दावं बांधतोस रे, मी काय बैल आहे?" तरी बांधायला लागले, कारण तू हट्टच धरलास. त्या सकाळी इंजिन अडखळत होतं. तू बाजारात गेला होतास. मी ती तार कापून बघितली तर इंजिन छान पळायला लागलं. मला वाटलं, स्विच ओलावला असेल, संध्याकाळी उघडून बघू. टोकाला पट्टी गुंडाळली आणि अण्णांना सांगितलं, बटण आज चालणार नाही, चोक ओढून बंद करा.

त्यांनी विचारलं, "दोरी तरी चालते ना रे?"

मी म्हणालो, "बांधा हो, नाहीतर बारक्या ओरडेल."

चालत नव्हती. मला ठाऊक होतं. पण खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आधी नीट कर, आणि पलीकडच्या काठावर होडीसाठी माणसं खोळंबली होती. एका दिवसाचा तर प्रश्न होता. माझ्यासमोर त्यांनी ती दोरी मनगटाला बांधली. गाठ नीट बसली का, तेही मीच बघितलं.

बाकीचं तुला माहीत आहे. ते पाण्यात पडले, क्लिप निसटली, इंजिन थांबलं नाही. होडी रिकामीच गोल फिरत राहिली. थांबली असती तर चार हातांवर होती. आपला बाप पट्टीचा पोहणारा, पण पळत्या होडीला कोण गाठणार?

काकांनी अंगणात सगळ्यांदेखत म्हटलं, "क्लिप मनगटाला लटकतेय, म्हणजे स्विचच फुसका बसवला." तेव्हा तू माझ्याकडे वळलास. "दादा, तू सांग. मी नीट बसवला होता ना?" मी म्हणालो, "बघावं लागेल."

आणि बघितलं नाही. कुणाला बघू दिलं नाही. इंजिनवर गोणपाट टाकून ठेवलं. तू घर सोडलंस, हत्याराला हात लावणं सोडलंस, आईने तुझं नाव घेणं सोडलं, आणि मी दोन वेळा पोटभर जेवत राहिलो. स्विच तू नीट बसवला होतास. अगदी चोख. मीही तसा बसवला नसता.

ता. १२, सकाळ

वरचं सगळं लिहून पत्र आईला वाचून दाखवलं. ती पाठ करून बसली होती म्हणून वाचायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण ती वळून बसली आणि शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही. मीच रडलो. म्हणाली, "काकांना मी सांगते. तू गप्प बस, ते तुला छान जमतं."

मग उठून तिने पिशवी भरली.

मी पाकिटावर पत्ता घालत होतो, तर ते रिकामं पाकीटच तिने माझ्या हातातून घेतलं. तू पेटीत टाकशील याचा काय भरवसा, म्हणाली. म्हणजे हे टपालाने येणार नाही, बारक्या, आईच घेऊन येते आहे. तू वाचशील तेव्हा ती समोर असेल. सहा तासांची बस आहे, आधी तिला टेकायला दे. पाय सुजतात तिचे, खाली बसवू नकोस. आणि ती तुझ्याशी कसं बोलायचं ते ठरवत असेल, तर तूच आधी बोल. तिला अवघड जाईल.

मी येत नाही. माफीही मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि आजवर तू पुष्कळ दिलंस.

परत कधी येणार, असं मी तिला विचारलं. तिने चपला घातल्या.

तिला तुझ्या हवाली करून,
दादा