तेजूची भुताची पुस्तकं

ताई,

मोनिका गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी तू धावत आलीस. घर, पाहुणे, सगळं तूच बघितलंस. पण त्याच गडबडीत तू तेजूची पुस्तकं रद्दीत दिलीस, हे मला काल कळलं. विचारलं तर म्हणालीस, "सुतकाच्या घरात भुतंखेतं कशाला?"

तेजूला वाचायचा कंटाळा होता, हे तुलाही माहीत आहे. मोनिका तिला भुताची गोष्ट वाचून दाखवायची आणि भूत दाराशी आलं की पुस्तक मिटून पोळ्या लाटायला उठायची. तेजू ओरडायची, "आई, ही चीटिंग आहे!" मोनिका आतून म्हणायची, "मग तूच बघ ना कोण आलंय ते." अशी ती पोरगी वाचायला लागली.

काल तिने मला विचारलं, "आई भूत झाली म्हणून आत्याने पुस्तकं टाकली का?" पुस्तकं टाकलीस तू, तर याचं उत्तरही तूच दे.

डांगे चौकातल्या रद्दीवाल्याकडे बघतो आणि तसाच चाकणला शिफ्टला जातो. वरणभात करून ठेवलाय, तेजू उठली की गरम करून दे. आणि यापुढे घरातलं काही टाकायचं असेल तर आधी मला विचार.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मोनिकाने विहिरीतल्या भुताची गोष्ट अर्ध्यावर मिटली होती. तेजूची ती पुढे वाचायची राहिली आहे.

रविराज