एकोणीस फोटो आणि एक प्रतिज्ञापत्र

हर्नडन, १४ ऑक्टोबर

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. (घटस्फोटानंतर सासूला काय मायना लिहावा हे शाळेत शिकवलं नव्हतं. ‘वसुधाकाकू’ असं दोनदा लिहून खोडलं, परकं वाटलं.) नवा गुडघा कसा आहे? फिजिओथेरपीच्या मुलीला तुम्हीच शरीरशास्त्र शिकवता, असं मिहीरकडून कळलं. तिला तिचं काम करू द्यावं, ही विनंती.

पत्रास कारण की, काल माझं दहा वर्षांचं ग्रीन कार्ड आलं. फोनवर सांगितलं असतं तर रडले असते, म्हणून लिहून कळवते. आणि लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट कबूलही करून टाकते, जी मिहीरने तुमच्यापासून आजवर लपवली आहे.

लग्नामुळे मिळालेलं माझं पहिलं कार्ड दोनच वर्षांचं होतं. ते संपायच्या आत आमचं लग्न संपलं. मिहीर नोकरी बदलून रेडमंडला गेला आणि मी रागाच्या भरात घर आवरायला काढलं. भाडेकरार, दोघांच्या नावचं विजेचं बिल, विम्याची पत्रं, सगळं रिसायकलिंगच्या डब्यात. फोनमधले फोटो डिलीट केले. अल्बममधले मात्र टाकवेनात (माझी पैठणी त्यात फार छान दिसते), म्हणून नखं कापायच्या कात्रीने प्रत्येक फोटोतून फक्त मिहीर कापून काढला. एकोणीस फोटो. सप्तपदीत मी एकटीच चालले आहे आणि नायगाऱ्याला माझ्या खांद्यावर कुणाचा तरी पंजा आहे. कापलेले मिहीर पाकिटात भरून त्यालाच पोस्टाने पाठवून दिले.

पुढच्याच आठवड्यात वकीलबाई नीना शहांकडे गेले. त्या म्हणाल्या, “कार्डावरची दोन वर्षांची अट आता तुला एकटीला अर्ज करून काढून घ्यावी लागेल. घटस्फोट झाला म्हणून काही बिघडत नाही, पण लग्न खरं होतं हे दाखवायला हवं. एकत्र राहिल्याचे कागद आण, फोटो आण.” दुसऱ्या दिवशी अल्बम नेला. त्यांनी तो शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, “नवरा कुठे आहे?”

मिहीरला फोन करावा लागला. मला वाटलं, तो चांगलंच सुनावेल. तो म्हणाला, “सगळे आहेत गं. फेकणार कसे, यार? एकात तू माझा कान कापलायस.” त्याने ते बबल रॅपमध्ये गुंडाळून कुरिअरने पाठवले. मी दोन दिवस टेप लावत बसले. एका ठिकाणी चूक झाली: नायगाऱ्याच्या रेनकोटवर लग्नातलं डोकं बसलं, मुंडावळ्यांसकट.

तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून शेवटी तुम्हाला कळवलं. तुम्ही वेस्ट विंडसरहून चार तास ड्राइव्ह करून आलात, तेही जुना गुडघा घेऊन. बॅगेत आमच्या भाडेकराराची झेरॉक्स (घरमालकाची कलमं तपासायला तुम्ही मागून घेतली होती), दोघांच्या नावांची दिवाळीकार्डं पत्त्याच्या पाकिटांसकट, आणि तुम्ही कुठलाच कागद टाकत नाही म्हणून मी जिला हसायचे ती अख्खी फाइल. मग माझ्याच टेबलावर बसून प्रतिज्ञापत्र लिहिलंत: ‘हे दोघं डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावायच्या यावरून दोन वर्षं भांडत होते. नुसत्या कागदासाठी लग्न करणारी माणसं इतकं मनापासून भांडत नाहीत.’ नीनाबाईंनी हे वाक्य गाळायला सुचवलं. तुम्ही म्हणालात, “गाळायचं असेल तर सहीसुद्धा गाळा.”

इमिग्रेशनच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने नेमकं तेच पान वाचलं आणि विचारलं, ताटल्यांच्या बाबतीत बरोबर कोण होतं? मी शपथेवर होते. मिहीर, म्हणाले. (हे त्याला सांगू नये.) मग अधिकाऱ्याने खालची सही पाहिली आणि विचारलं, “या बाईंशी अजून तुमचं बोलणं आहे?” मी बाहीने डोळे पुसत मान डोलावली. त्याने टिशूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि पुढचं पान उलटलं.

आई, तुम्ही मिहीरच्या आई. घरी बसून राहिला असतात तरी तुम्हाला कुणी नावं ठेवली नसती. त्या दिवशी चहा देताना मी आभार मानायचे ठरवले होते. प्रत्यक्षात ‘साखर पुरे का’ एवढंच विचारलं. आज मानते.

आता मी सुधारले आहे. प्रत्येक कागदाचा स्कॅन, वर दोन झेरॉक्स. देशाबाहेर गेल्या-आल्याच्या तारखा वहीत. घर बदललं तेव्हा तिसऱ्याच दिवशी नवा पत्ता सरकारला कळवला. माझ्याकडचा एकही कागद आता जागचा हलत नाही.

तुमची (कोण, ते तुम्हीच ठरवा),
ऋता

ता. क. कोर्टाच्या शिक्क्याची घटस्फोटाची प्रत सापडत नाही. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला ती लागेल. चुकून तुमच्या फाइलमध्ये गेली असेल का? शनिवारी येऊन शोधू का?

ता. क. २. ती प्रत कोर्टात एक फॉर्म भरला की पुन्हा मिळते, असं नीनाबाईंनी आत्ताच कळवलं. तरी शनिवारी येते. रविवारीही मला सुट्टीच आहे.