इनासच्या वाटणीचं अर्धं

येलदरी, ऑक्टोबर १९५९

प्रिय आई,
तुझ्या पायाशी बसूनच लिहितोय असं समज.

धरणावर गवंडीकाम बरं चाललंय. पूर्णेचे मासेही मिळतात. तुझा गुडघा कसा आहे?

विहिरीच्या पाण्यावरून मी आणि इनास भांडलो, तेव्हापासून घरातली रोझरीची प्रार्थना बंदच ना? चूक त्याचीच होती. पण घरी प्रत्येक 'नमो मरिया' अर्धी मी म्हणायचो, उरलेली धाकटा इनास. इथं एकटा माळ धरतो, तरी त्याचं अर्धं माझ्या तोंडी येत नाही. तेवढा वेळ मी गप्प बसतो.

खोलीतला आश्रुबा विचारतो, "जबाब कोण द्यायलाय?"

"माझा भाऊ," मी सांगतो.

आई, इनासला म्हणावं, मला खोटं पाडू नको.

तुझा लेक,
पास्कोल