लांडग्यांनी ओ देऊ नये म्हणून

४ ऑक्टोबर

दुकानात गेलो. दोन चष्म्यांची भिंगं घासली, एकाची दांडी बदलली. दुपारी पोरीचा साहेब आला, वनाधिकारी. चष्मा करायला नव्हे. पोरीच्या फोनमधला तिचा आवाज मागायला.

आवाज म्हणजे बोलणं नाही. लांडग्यासारखी हाळी. इथले लांडगे माझ्या आजोबांच्या काळातच संपले होते. बाहेरून आणलेली जोडी वर कुंपणात ठेवली, तेव्हा पोरगी रोज संध्याकाळी बाहेर बसून हाळी घालायची आणि ती दोघं ओ द्यायची. मोकळी सोडल्यावरही घालायची. किती गळे ओ देतात त्यावरून कळप मोजायची. मार्चमध्ये तिची जीप दरीत गेली. ती गेली. लांडगे आहेत.

साहेब म्हणाला, "माझ्या हाकेला दाद देत नाहीत हो. तिच्या आवाजाला देतील. फक्त मोजायचेत."

दिला. तिचं काम अर्धवट राहू नये, एवढंच डोक्यात होतं.

५ ऑक्टोबर

जेवताना रोजच्यासारखा फोनमधला तिचा आवाज लावला. बोललेलं एक वाक्य त्यात नाही. हीच लांबलचक हाळी. तेवढंच आहे माझ्याकडे.

११ ऑक्टोबर

मोजणी झाली. सगळ्यांनी ओ दिली. सरकारने ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त भरले!

१३ ऑक्टोबर

शाळेच्या हॉलमध्ये सभा. शेवटच्या बाकावर बसलो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लांडगे आल्यापासून हरणं एका जागी चरत नाहीत, ओढ्याकाठची झाडं परत वाढली. माझा धाकटा भाऊ उठला. त्याची मेंढरं वरच्या उतारावर असतात.

"झाडं वाढली, कोकरं घटली. आता लोकर काय झाडाची कातरू, बाई?"

हॉल हसला. मागून कुणीतरी — "राखणीला कुत्री ठेवा!"

"कुत्र्यालाच नेलं हो पहिल्यांदा!"

मग मला बघून त्याचा आवाज उतरला. "दादाची पिंगळी माझ्या मांडीवर वाढली. पण ती इथं असती तर तिच्याही तोंडावर हेच बोललो असतो." खोटं नाही. दर आठवड्याला बोलायचा. तीही हार मानायची नाही.

ठरलं. जादा लांडगे महिनाअखेरीस मारायचे. कसे? मोजले तसेच. लाऊडस्पीकरवर तिचा आवाज, झाडीत बंदूकवाले. साहेबाने हे खाली बघून सांगितलं.

१४ ऑक्टोबर

साहेबाच्या ऑफिसात गेलो. आवाज परत द्या म्हणालो.

"कॉपी वरच्या ऑफिसात गेली. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"ती तुमचं माणूस होती ना?"

"म्हणून तर मोजणी झाल्यापासून घास उतरत नाही."

रडकुंडीला आला होता. पण महिनाअखेरची तारीख काही हलली नाही.

१५ ऑक्टोबर

तिच्या हाकेवर येतील आणि मरतील. तिच्या हाकेवर!

१७ ऑक्टोबर

दुकान लवकर बंद करून वर गेलो. जुन्या कुंपणापाशी छोट्या स्पीकरवर तिचा आवाज लावला. पलीकडून ओ आली. आधी एक, मग सगळे. लगेच पत्र्याचा डबा दगडावर बडवायला लागलो. फटाके फोडले. जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. या आवाजामागे मार आहे हे त्यांना कळायला हवं. दुसरं काही सुचत नाही.

१८ ऑक्टोबर

आज थोरली मादी झाडीबाहेर आली. कुंपणात होती तीच, गळ्यात पट्टा. कान पुढे, इकडेतिकडे बघत. कुणाला तरी शोधत होती! बडवलं. पळाली, थांबली, मागे बघितलं. पुन्हा बडवलं.

२१ ऑक्टोबर

भावाने गाठलं.

"दादा! मला वाटलं डोंगरावर भांडी विकायला कोण आलंय!"

सांगून टाकलं. त्याच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. तो दगडावर बसला.

"मी खाली जाऊन सांगू शकतो."

"सांग."

"माणसाची धास्ती घेतील का याने?"

"तोच प्रयत्न आहे."

"मग माझ्या मेंढवाड्यापासूनही लांब राहतील?"

"माहीत नाही रे."

"या डबड्याने उंदीर तरी पळेल का!" म्हणाला आणि गेला. वाटलं, संपलं. थोड्या वेळाने तेलाचं रिकामं पिंप गडगडवत परत आला. पिंप त्यानेच बडवलं. बडवताना तोंड माझ्याकडे केलं नाही.

२६ ऑक्टोबर

दोघांनीच ओ दिली. बाकीचे गप्प.

२८ ऑक्टोबर

फक्त थोरली.

२९ ऑक्टोबर

आजही थोरली. का ऐकत नाहीस, बाई!

३० ऑक्टोबर

उद्या बंदूकवाले. थोरलीने ओ दिली, शिवाय जवळही आली. पिंपाला भ्यायली नाही. फटाक्यांनाही नाही. दगड उचलला. मागच्या पायाला लागला. कळवळली. या वेळी मागे न बघता गेली.

भाऊ म्हणाला, चल दादा, खाली चल.

३१ ऑक्टोबर

बंदूकवाले झाडीत, बाकी सगळे खालच्या रस्त्यावर उभे. स्पीकर लावला. तिचा आवाज डोंगरभर झाला, ती जिवंत असताना कधी झाला नव्हता एवढा मोठा. ओ नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा — पान हललं नाही!

"कुणाचा आवाज आणलाय हा?" एक बंदूकवाला झाडीतून बाहेर येत वैतागला. साहेब माझ्याकडे बघत राहिला. अंधार पडायला लागला तसे सगळे बंदुका गाडीत टाकून निघून गेले. पुन्हा येणार नाहीत म्हणे, दुसरा काहीतरी उपाय बघतील.

भावाने खांदा दाबला. "वाचले, दादा."

मान हलवली.

१ नोव्हेंबर

जेवायला बसलो. फोन लावला. तिच्या पहिल्याच सुराला दचकून उठलो. हात कानांवर, ताट जमिनीवर. कानात पिंप घुमत होतं. बंद केला. पुन्हा लावून पाहिला. तेच.

फडकं ओलं करून सांडलेलं पुसून घेतलं.